भिंतीतून ऐकलेले बँड

नगरपालिकेत त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी उच्चारत नसे. सगळे त्यांना मीटरकाका म्हणत. गावभरातल्या आवाजाच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या, आणि काका खांद्याला काळी पेटी अडकवून मोजायला निघायचे. कुठे जनरेटर, कुठे लाकूड कापायचं यंत्र, कुठे शेजाऱ्याचा कुत्रा. एकतीस वर्षं हेच. ज्याची तक्रार असे तो म्हणे, आकडा इतका कमी कसा आला? ज्याच्याविरुद्ध असे तो म्हणे, इतका जास्त कसा? "दोन्हीकडून बोलणी खायची, यालाच पगार मिळतो मला," काका हसून सांगत.

अशीच एक तक्रार भूगोलाच्या एका निवृत्त बाईंकडून आली. बाईंच्या घरामागे एक जुनं शीतगृह होतं. त्याचा आता हॉल झाला होता, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सातला तिथे कुठला तरी फिरता रॉक बँड वाजवायचा. नवखी पोरं, स्वतःची गाणी, सगळा संसार एका व्हॅनमध्ये. आज या गावात, उद्या पुढच्या. बाईंची मागची खोली आणि हॉल यांच्यात एकच भिंत होती. नियमाप्रमाणे काकांना त्याच खोलीत बसून चार वेगवेगळ्या शुक्रवारी मोजणी करायची होती.

पहिल्या शुक्रवारी बाईंनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. "बसा. चहा देईन, पण आधी मोजा."

त्या दिवशी 'उलटी छत्री' नावाचा बँड होता. भिंतीतून शब्द येत नव्हते, नुसता घुमारा येत होता. काका दर पाच मिनिटांनी तक्त्यात आकडा लिहीत होते. अर्ध्या तासाने बाई वैतागल्या. "मघापासून एकच गाणं दळतायत मेले!"

"नाही बाई, हे पाचवं आहे."

"तुम्हाला काय कळतं गाण्यातलं?"

"गाण्यातलं काही कळत नाही. आकडा बदलतोय."

बाईंना हसू आलं. चहा लवकर आला.

दुसऱ्या शुक्रवारी बाईंनी हॉलच्या दारावरचं पत्रक आणूनच ठेवलं होतं. त्यावर बँडच्या दौऱ्यातली सगळी गावं छापलेली होती. बाईंनी चष्मा चढवला आणि शाळेतली वही तपासावी तसं ते तपासलं. "काय हा रस्ता! आधी उत्तरेला, मग दक्षिणेला, मग परत त्याच उत्तरेला. यांना भूगोल कुणी शिकवला?" मग पलीकडे गाणं सुरू झालं, आणि दोघंही पहिल्या दोन गाण्यांवर आपापलं मत देऊन मोकळे झाले. बाईंना ते रडकं वाटलं. काकांच्या मते मुलगा चांगला गात होता, पण ड्रमवाला घाईत होता.

तिसऱ्या शुक्रवारी तीन मुलींचा बँड आला. नाव 'तिसरा मजला'. आधी ड्रम वाजला, जड आणि सावकाश. मग सगळं एकदम थांबलं, आणि त्या शांततेत एका मुलीचा आवाज उठला. बाईंनी भिंतीवर तळवा टेकवला. "इकडे या. इथे हात ठेवा."

काकांनी ठेवला. ठोका हाताच्या हाडात येत होता. बराच वेळ दोघं तसेच उभे राहिले. जागेवर परत आल्यावर काकांनी तक्ता पाहिला, तर सात पंचवीसची चौकट कोरी होती. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चौथा शुक्रवार झाला आणि काका हिशेबाला बसले. सरासरी मर्यादेच्या सहा डेसिबल वर गेली होती. त्यातही सर्वांत मोठा आकडा त्या मुलींचाच.

"लिहू नका," बाई म्हणाल्या.

"तक्रार तुमचीच आहे ना?"

"माझीच. म्हणून तर सांगतेय. मी मागे घेते."

"तक्रार मागे घेता येते, बाई. आकडा येत नाही."

काका हट्टी नव्हते. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांनी चार आकडे खाली ओढले होते. काही वर्षांनी तिथलाच एक कामगार कचेरीत आला. समोरचा काय बोलतो ते त्याला ऐकू येत नव्हतं, आणि स्वतः किती ओरडतोय हेही कळत नव्हतं. त्या दिवसापासून काकांनी कानाला खडा लावला होता. या हॉलमध्येही कुणीतरी दर शुक्रवारी त्या आवाजात उभं राहत असणारच.

नोटीस गेली. भिंतीचं काम होईपर्यंत हॉल बंद. लोकांच्या आग्रहावरून 'तिसरा मजला'च्या मुली महिन्याभरात पुन्हा यायच्या होत्या, तो कार्यक्रमही रद्द झाला. रस्त्यात काका दिसले की बाई पदर सावरून दुसऱ्या बाजूने जाऊ लागल्या.

जेवताना काकांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती आमटी वाढता वाढता थांबली. "तुम्हाला गाणं आवडलं?"

"का? आवडू नये?"

"तसं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, दिवसभर आवाजच ऐकून येतो, घरात तरी शांतता दे. मी गुणगुणत होते तेव्हा ओट्याशी."

काकांचा घास हातातच राहिला. "मग? सोडलंस? कधी बोलली नाहीस ते."

"शांतता मागितली होतीत ना?" ती म्हणाली, आणि ताट उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हॉलच्या मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले. "आता काय, कुलूप मोजायचंय?" मॅनेजरने विचारलं. काकांनी नोटिशीची मागची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने आकृती काढली. भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत, मध्ये चार बोटांची पोकळी, पोकळीत आवाज शोषणारी लोकर, ड्रमच्या चौथऱ्याखाली रबर.

"हे कुणी शोधलं?"

"नियमांच्या पुस्तकात आहे. शेवटच्या पानांवर. तिथपर्यंत कुणी जात नाही."

सहा रविवार काका बाह्या वर करून तिथे राबले. साहेबांना आधी सांगून, रीतसर. तिसऱ्या रविवारी बायको डबा घेऊन आली आणि फळ्या धरायला थांबली. लोकर भरता भरता ती काहीतरी गुणगुणायला लागली आणि मध्येच गप्प झाली. काका खिळे तोंडात धरून होते, त्यामुळे बोलता येईना. त्यांनी नुसता हात फिरवून दाखवला, चालू दे, चालू दे.

काम झालं आणि हॉल उघडला. पहिला कार्यक्रम त्याच मुलींचा. फेरमोजणीसाठी काका पुन्हा बाईंच्या दारात. बाईंनी दार उघडलं, चहाचं विचारलं नाही.

सात वाजले. सात दहा झाले. बाईंनी भिंतीला कान लावला. "यांचं अजून सुरू नाही झालं वाटतं."

"दहा मिनिटं झाली सुरू होऊन."

"मग हे काय येतंय?"

"तुमचा फ्रिज आहे तो."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे आता मला यातलं कधीच काही ऐकू येणार नाही?"

"तक्रारीचं निवारण झालं, बाई. इथे सही करा."

बाईंनी सही केली, पेन टोपण न लावताच टेबलावर टाकलं आणि विचारलं, "माझ्या चपला कुठे आहेत?"

गल्लीला वळसा घालून दोघं हॉलमध्ये शिरले. काकांनी खिशातून स्पंजचे बोळे काढून आधी बाईंच्या हातावर ठेवले, मग स्वतःच्या कानात घातले. भिंतीतून ऐकताना दोघांनी ती गाणारी चांगली धिप्पाड असेल असं धरलं होतं. ती निघाली चष्मेवाली, पोक काढून उभी राहणारी, एवढीशी. ड्रमवालीच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. चौथ्या गाण्यात ती हळू वाजवायला लागली, तशा बाई मागून ओरडल्या, "जोरात गं!" सगळा हॉल वळून पाहू लागला. काका भिंतीवरची बाकीची पत्रकं वाचू लागले.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मुलींना गाठलं. "तुमचा हा दौरा कुणी आखलाय?"

"मी," ड्रमवाली म्हणाली. "का हो, आजी?"

"चल माझ्याबरोबर."

मागच्या खोलीत बाईंनी नकाशा पसरला आणि त्यांच्या अकरा गावांची माळ नव्याने ओवून दिली. दोन दिवसांचा प्रवास वाचला. कुठल्या गावातला हॉल घुमतो आणि कुठला नाही, ते काकांनी सांगितलं. जिल्ह्यातले सगळे हॉल त्यांनी मोजलेलेच होते. मग हे पसरत गेलं. नवीन बँड आला की व्हॅन आधी बाईंच्या दारात थांबायची. आणि मॅनेजर पुढच्या हंगामात कुणाला बोलवायचं हे ठरवताना दोघांना विचारायचा. दोघांचं एकमत झालं, असं फारसं कधी झालं नाही.

त्यातल्या निम्म्या बँडचं पुढे काहीच झालं नाही. 'उलटी छत्री' फुटली. रडक्या गाण्यांचा तो मुलगा नाव काढेल, असं काका पैजेवर सांगत. तो घरच्या दुकानात बसला. 'तिसरा मजला' दोन वर्षांनी पुन्हा आला तेव्हा काका निवृत्त झाले होते, आणि मुली दोघीच होत्या. तिसरी आता लहान मुलांना पोहायला शिकवते म्हणे. बाईंनी आधी तिचीच चौकशी केली, पगार नीट मिळतो ना, पाणी गरम असतं ना. दोघींचं वाजवणं जरा विरळ वाटत होतं, पण गाणी नवी होती आणि चष्मेवाली आता ताठ उभी राहत होती.

त्या दिवशी काकांची बायकोही आली होती. परत येताना तिचं म्हणणं, सगळ्यात छान चौथं गाणं. काकांचं म्हणणं, सातवं. चौथ्याची चाल तिने रस्त्यातच म्हणून दाखवली, तर काका म्हणाले हे चौथं नव्हेच, हे दुसरं. वाद जिन्यातून वर आला, ताटं मांडेपर्यंत पुरला, आणि जेवण झाल्यावर पुन्हा नव्याने सुरू झाला.