गवताला दिलेला धोंड्याचा महिना

आमच्या गावात गवत कापायचा मुहूर्त गायगोधनाचा. दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या गाई आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, खेळवल्या की त्याच दुपारी तलावाच्या वरच्या अंगाला, गावाच्या सामाईक पडीत जमिनीत, जिला आम्ही पड म्हणतो, पहिला विळा पडतो. तो मान आमच्या घराचा. बाबा गेल्यापासून विळा माझ्या हातात. मी बोलतो कमी. पण त्या दिवशी न बोलताही सगळं गाव माझ्याकडे पाहतं, आणि मला ते फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडीपायी झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पडीतलं खरं गवत म्हणजे पवना. गोड, म्हशी डोळे मिटून खातात. पूर्वी दिवाळीपर्यंत तो वाळून पिवळा व्हायचा, बी खाली सांडलेलं असायचं. आता पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळतो. दिवाळीला पवना हिरवाच, दाण्यात दूध. त्यात उन्हाळे असे तापतात की जुने गड्डे जागीच जळून जातात. बी पडलं तर तिथे नवं रोप, नाही तर टोचणारी कुसळी आणि तरोटा, म्हणजे टाकळा. त्या दोघांना कोणी विळा लावत नाही, त्यांचं बी निवांत पडतं. म्हणजे दरसाल आम्हीच गावभर राबून कुसळीला जागा करून देत होतो.

हे मला दिसत होतं. एका दिवाळीला बायकोने पवन्याचं कणीस चिमटीत दाबून माझ्यापुढे धरलं.

"अजून दुधात आहे. काहून कापून राहिले?"

"मुहूर्त आहे," मी म्हणालो, आणि कापलं. त्याच्या पुढच्या साली कुसळी पवन्यात इतकी मिसळली की चाऱ्यात निम्मी तीच निघाली. घरच्या लाल गाईच्या जिभेखाली कुसळं रुतली. ती वैरणीला तोंड लावेना. बायकोने तिचा जबडा उघडून एकेक काढलं. काढलेली कुसळं माझ्या तळहातावर ठेवली. 

आमच्याकडे म्हातारे म्हणतात, धोंड्याच्या सालानंतरचं गवत जोरदार. अधिक महिन्यात देव प्रसन्न असतो म्हणे. मीही तेच मानत आलो. मागच्या साली भिंतीवरचं कॅलेंडर उलटताना एकदम उजेड पडला. धोंडा आला की त्या साली दिवाळीच लांबते! विळा उशिरा पडतो, तेवढ्यात बी सांडतं. मी एकटाच मोठ्याने हसलो. बायको चुलीपासून धावत आली, मला काही झालं की काय म्हणून.

त्या गायगोधनाला विळा हातात घेतला आणि म्हणालो, "आज कापत नाही."

 मग जे इतकी वर्षं तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "दुधातलं गवत आहे हे मले दिसत होतं. तरी कापलं. पहिला विळा माहा म्हणून कापलं."

"बाप्पा! मुका बोलला गा!" गाई राखणारा गायकी ओरडला.

माझी मोठी चुलती, जिला आम्ही मोठी माय म्हणतो, काठी टेकत पुढे आली. "मंग कवा कापाचं?"

"मंडया सरल्यावर," मी म्हणालो. मंडया म्हणजे दिवाळीनंतर महिनाभर आमच्याकडे गावोगावी भरणाऱ्या जत्रा. "तवरक लवकर निघालेल्या हलक्या धानाची तनीस आहे घरोघरी, ढोरं उपाशी नाही राहात. दरसाल गवताले एक धोंड्याचा महिना देऊ."

"गवताले धोंडा?" गायकी म्हणाला. "तो का जावई आहे तुमचा?"

सगळी पड हसली. माझे कान तापले. आता गेलंच, असं वाटलं.

"जावयाहून बरा," मोठी माय म्हणाली. "जावई खाऊन जाते. हा खाऊ घालते. चला घरी, विळे गुंडाळा."

तिच्यापुढे कोण बोलणार? हसत हसतच लोक परतले. मंडया सरल्यावर आम्ही कापायला गेलो तेव्हा पवना वाळून खडखडत होता. मूठ धरली की बी आपोआप गळायचं, बायांच्या केसांत, पदरात, बैलबंडीच्या फळ्यांवर.

यंदा आषाढात पड पाहायला गेलो. एकटाच जाणार होतो, उगवलं नसेल तर कोणाला दिसायला नको म्हणून. बायको आधीच तिथे वाकून तरोट्याची कोवळी भाजी खुडत होती. तिच्या पायांपाशी, मागच्या साली उघड्या पडलेल्या मुरमावर, पवन्याची पाती उभी होती. केसांसारखी बारीक, पण जागोजागी. कुसळीही आहे, ती काय एका सालात जाते?

मी खाली बसून पाहतच राहिलो.

"पाहून काय राहिले?" ती म्हणाली. "तरोटा उपटा. त्याईले जागा पायजे."

दुपारपर्यंत आम्ही उपटत होतो. अंग चिखलाने माखलं. मी इतकं बोलत होतो की शेवटी तिनेच सांगितलं, जरा दम घ्या.