मावशींच्या ओसरीवरच्या किल्ल्या

मंडळी, आत्ताच पाथर्डीकडून घरी पोचले. पिशवीही उघडलेली नाही, आधी हे लिहितेय.

एका छोट्या गावातली जुनी बारव बघायला गेले होते. मुक्काम एका मावशींच्या घरी. अ‍ॅपवर बुकिंग करायचं, रात्री राहायचं, सकाळी नाष्टा. मावशींनी अगदी माहेरवाशिणीसारखं केलं. गरम भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा. मग बारव दाखवली, वेशीवरचं कोरीव काम दाखवलं. "लई मोठा बाजार भरायचा हितं," त्या अभिमानाने सांगत होत्या.

परत येताना मी आपलं कौतुकाने बोलून गेले, "मावशी, किती शांत आहे हो तुमचं गाव!"

"शांत कशाचं ताई? समदं गाव ऊसतोडीला गेलंय."

तेव्हा कुठे मला गल्लीतली कुलपं दिसली. मावशींच्या ओसरीवर खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या. जाणारी माणसं घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून जातात. एक किल्ली मात्र आत देव्हाऱ्यात होती.

"ही कुणाची?"

"शेजारनीची. मागल्या साली उसाचा ट्रॅक्टर उलटला. त्या घरातलं कुनीच माघारी आलं न्हाई." मग म्हणाल्या, "अंगन झाडते मी तिचं रोज. पन किल्ली कुनाच्या हातात देऊ, सांगा?"



आणि आता अ‍ॅप विचारतंय, 'परिसर किती शांत होता? तारे द्या.'

किती देऊ?