सुकलालनं केलेली खूण

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. म्हणजे कुणालाच माहीत नाही. तुला सांगतोय, कारण तुझं माझं काही लागत नाही — तू माझ्या घरी जेवायला येणार नाहीस, माझ्या नातवाच्या लग्नात पुढं येऊन बसणार नाहीस. ऐकायचं तर ऐक. मधेच उठून गेलास तरी माझं काही अडत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. याआधी लिहायला बसलो आणि पानं फाडली. का फाडली? प्रत्येक वेळी सुरुवात सुकलालच्या चुकांपासून व्हायची. त्यानं काय केलं, तो कसा बोलला, कसा चढून गेला. लिहून झालं की वाचायचो, आणि वाचलं की वाटायचं — बरोबरच केलं की मी! मग फाडायचो. आता फाडणार नाही. सुकलालबद्दल मी वाईटच लिहिणार, तेवढं सोसून घे. चांगलं लिहायला माझा हात वळत नाही.

सुकलाल माझा साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण विमल, तिचा नवरा. खानदेशातून सुरतला त्याला मी आणला. सुरतेतल्या उधन्याला आमच्या एका खोलीत तो जेवला, झोपला, तिथंच त्याचा संसार सुरू झाला. खात्यात — मागाच्या कारखान्याला आम्ही खातंच म्हणतो — त्याला मी चिकटवला. तुटलेला तार, म्हणजे धागा, कसा जोडायचा, शेठ आला की मान कुठं ठेवायची, सगळं मी शिकवलं. आणि हातानं बोलणंही मीच शिकवलं.

हे तुला समजायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया. खात्यात सगळे माग एकदम धडधडतात. शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटं कातरीसारखी हलवली — तार तुटला. कपाळाला मूठ लावली — शेठ आला. आणि दोन्ही हात वर करून डोक्यावर त्यांची फुली केली, तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी अडकलंय, सगळं सोड, पळ. ती खूण दिसली की माणूस विचार करत नाही. भांडण असो, अबोला असो. ज्याच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो अशा एका माणसाचा सदरा पट्ट्यात गेला होता, तेव्हा मीच पहिला पळालो होतो. आमच्यात हे असंच आहे. यात मोठेपणा नाही. खाताना हात तोंडाकडे जातो ना, तसं.

आता प्लेगचं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय पुढं जाता येत नाही. चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा निम्मं सुरत पळालं. मी पण पळालो. बायकापोरं घेऊन, मिळेल त्या गाडीला लटकून गावी गेलो. लेकरांसाठी गेलो असं मी सगळ्यांना सांगितलं. लेकरांसाठी गेलो — आणि स्वतःसाठीही गेलो. सुकलालनं विमलला आमच्याबरोबर पाठवलं आणि तो थांबला. बंद खात्यात एकटा राहिला, मागांना तेल दिलं, राखण केली. आम्ही परत आलो तेव्हा शेठ त्याला नावानं हाक मारत होता. थंडी सरता सरता शेठनं त्याला मास्तर केलं. मास्तर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि कुणाला कुठला माग द्यायचा ते ठरवणारा. म्हणजे माझा माग आता सुकलाल ठरवणार. ज्याला मी तार जोडायला शिकवला, तो!

तू असतास तर काय केलं असतंस? राहू दे. सांगू नकोस.

विमलनं नवस बोलला होता, नवरा मास्तर झाला तर दर्याला नारळ देईन. आमच्या खानदेशच्या बाईला दर्याचा नवस सुचलाच कसा? शेजारच्या बायकांचं बघून, दुसरं काय. आमच्यासाठी पाणी म्हणजे तापी. पण तीही शेवटी डुमसपाशी दर्यालाच मिळते, म्हणून चालेल, असं माझ्या बायकोनं ठरवलं. आठवड्यातून एक दिवस आमच्याकडची लाईट बंद असायची, तोच आमचा रविवार. त्या दिवशी दोन्ही घरं बस धरून डुमसला निघाली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदे, घोंगडी. सुकलालनं नवा पांढरा सदरा घातला होता. बसमध्ये तिकिटं त्यानंच काढली, आणि मला खिडकीजवळ बसवलं. "बसा साडूभाऊ, तुमी मोठे." मोठे! मी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होतो.

डुमस बघितलंयस तू? वाळू काळी. सुरूची झाडं, उंट, टमाट्याच्या भजीच्या गाड्या. शहरातली गाडीवाली माणसं आलेली, पोरांना उंटावर चढवून फोटो काढत होती. सगळे खुश. मला काहीच आवडलं नाही. भजी तेलकट, वारा खारट, आणि सुकलाल सगळ्यांना वाढत होता — "घ्या, घ्या, लाजू नका" — जशी काही ती त्याच्याच शेतात पिकली होती.

दुपारी दर्या मागं गेला होता. ओहोटीला तिथं पाणी इतकं लांब जातं की काठावरून नुसती एक रेघ दिसते. मधे आधी ओली वाळू आणि मग काळा गाळ. नारळ पाण्यातच सोडायचा असं विमलचं म्हणणं. सुकलालनं पँट गुडघ्यापर्यंत वर केली, नारळ घेतला आणि चालायला लागला. मी झाडाखाली बसून होतो. तो वळला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं ओरडला, "चाल ना भो! घाबरस का? तठे काय प्लेग शे का?" तिथं काय प्लेग आहे का, म्हणे.

बायका हसल्या. विमल हसली. माझी बायको पण हसली — पदर तोंडाला लावून, पण हसली. मी ते बघितलं.

उठलो आणि त्याच्या मागं निघालो. भजीच्या गाडीजवळून जाताना गाडीवाला मला म्हणाला, "काका, बहु आगळ नहीं जता, भरती आवशे." फार पुढं जाऊ नका, भरती येईल. हे त्यानं मला सांगितलं. सुकलाल तोवर लांब गेला होता. मी त्याला हाक मारली का? नाही. ओल्या वाळूवर, जिथून गाळ सुरू होतो तिथं, मी थांबलो. तो एकटाच पुढं गेला. मागं वळूनही बघितलं नाही, मी येतोय की नाही ते. आपल्या मागं कुणीतरी असणारच अशी त्याची चाल झाली होती.

नारळ सोडला त्यानं. परत फिरला. आणि मग हलेना. आधी मला वाटलं उभा राहून दर्या बघतोय. मग दिसलं की तो बुटका झालाय. गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेला होता. एक पाय उपसायला गेला की दुसरा आणखी रुतायचा. आणि त्याच्या मागची ती पाण्याची रेघ आता रेघ राहिली नव्हती.

त्यानं तोंड उघडलं. वारा होता, काही ऐकू आलं नाही. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर फुली केली.

आता लिहितो.

ऊन माझ्या डोळ्यांवर होतं, ते खरं. पण मी कपाळावर आडवा हात धरला आणि नीट बघितलं. फुली होती. त्यानं हात खाली घेतले, परत वर केले, परत फुली. माझे पाय पुढं गेले — हे तुला सांगतो, पाय गेले, सवयीनं, दोन-चार पावलं. मग मी ते थांबवले. मनात एवढंच आलं : उभा राहू दे थोडा. बघू दे मास्तरला, एकटं उभं राहणं काय असतं ते. मरावा असं वाटलं होतं का? हा प्रश्न मी मला कितीदा विचारला. नव्हतं वाटलं. पण वाचावा असंही त्या घडीला वाटलं नव्हतं.

मी पाठ फिरवली आणि झाडांकडे चालत आलो. पळत नाही. चालत.

बायकांना लांबून त्याचे वर केलेले हात दिसत होते. माझी बायको म्हणाली, "अहो, सुकलालभाऊ दर्याला हात जोडताहेत ना?"

मी म्हणालो, "हो."

विमल उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला आणि तिकडं बघून, डोळे मिटून, तिनंही हात जोडले. नवरा तिकडं जीव खाऊन खूण करतोय, आणि ही त्याच्याकडे तोंड करून पाया पडतेय. मी तिच्या शेजारी बसलो. भाकरी घेतली. खाल्ली.

किती वेळ गेला ते विचारू नकोस. भाकरी संपली होती. मासे धरणारा एक माणूस काठानं ओरडत पळत आला, "अरे, पेलो माणस फसायो छे!" तो माणूस अडकलाय. मग सगळेच पळाले. आणि ऐक — सगळ्यात पुढं कोण पळालं? मी. कंबरेपर्यंत गाळात शिरलो. त्या कोळ्यानं फळ्या टाकल्या, दोर टाकला, सुकलालच्या छातीला पाणी लागलं होतं. दोर ओढणाऱ्यात मी होतो. ओढताना त्याचा एक पाय आत अडकून राहिला आणि गुडघ्यात पिळला गेला. तो ओरडला ते मात्र मला वाऱ्यातही ऐकू आलं. काठावर लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. साडू असावा तर असा, म्हणाले.

दवाखान्यात त्याच्या खाटेभोवती सगळे जमले होते. विमलनं मला विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही हो?" मी तोंड उघडायच्या आत सुकलाल बोलला, "त्येच्या डोळ्यावर ऊन होतं. नसंल दिसलं." आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्याला माहीत होतं. कपाळावर आडवा हात धरलेला माणूस बघतोय, हे लांबूनही कळतं. त्यानं मला वाचवलं, आणि त्याचाच मला संताप आला. दया करतो? माझ्यावर? मग मी तिथंच, सगळ्यांसमोर बोललो, "मी सांगितलं होतं, पुढं जाऊ नको, भरती यील. भजीवाला पण बोलला होता. ऐकलं नाही यानं." सुकलालनं तोंड वळवलं नाही. खोटं आहे, असंही म्हणाला नाही.

गुडघा काही सुधारला नाही. मास्तराला दिवसभर मागामागांत उभं राहावं लागतं. शेठनं माझ्याकडे बघितलं, आणि मी हो म्हणालो. सुकलालला बसून बॉबिन भरायचं काम दिलं. ते काम तेव्हा आमच्याकडे बायका करायच्या. त्या बायकांच्या रांगेत तो बसायचा आणि मी, मास्तर, समोरून जायचो. काही लागलं तर उठून लंगडत यायचा, माझ्या कानाला तोंड लावून ओरडायचा. मला त्यानं परत कधी हातानं खूण केली नाही. एकदाही नाही.

आणि ती डुमसची गोष्ट — ती आमच्या घराण्यात हसायची गोष्ट झाली. लग्नात, बारशात, कुणीतरी काढतंच. "काका, चिखलात कसे रुतला होतात दाखवा ना!" मोठ्यांचं ऐकलं नाही की असं होतं, म्हणून पोरांना सांगतात. मोठं म्हणजे मी. मी पण हसतो. कधी विसरले, तर मीच आठवण करून देतो. हेही लिहून ठेवतो. विमल मात्र हसत नाही. दर्याला हात जोडले म्हणून दर्यानं परत दिला, असं ती अजून मानते. नवऱ्यानं तिला काही सांगितलेलं नाही. त्याच्या पोरीही आपल्या बापाला हट्टी आणि थोडा खुळा समजतात. तो हट्टी नव्हता. त्याला सांगणारा माणूस गप्प बसला होता, आणि ज्यानं बघायचं त्यानं बघून पाठ फिरवली होती.

तू म्हणशील, जा, त्याच्या घरी जाऊन सांग. घर लांब नाही, मागच्या गल्लीत आहे. मी जाणार नाही. इतकं सगळं लिहूनही तो माणूस मला आवडत नाही. त्याचा आवाज आवडत नाही, त्याचं ते समजून घेणं आवडत नाही. आम्ही दोघंही म्हातारे झालो. रोज सकाळी तो काठी टेकत दूध आणायला माझ्या दारावरून जातो. मी ओट्यावर बसलेलो असतो. काठीचा आवाज आला की बघतो — अजून आहे — आणि मान खाली घालतो. ज्या दिवशी तो आवाज येणार नाही, त्या दिवशी मला हलकं वाटेल, हे मला आजच माहीत आहे. तसाच माणूस आहे मी.

आज सकाळी तो गेला दारावरून. मी मान खाली घातली नाही. बघत राहिलो.