चॉकलेटी दोऱ्याचं ठिगळ

कोर्टासमोरच्या रस्त्यावर, झेरॉक्सवाल्याच्या आणि शिक्केवाल्याच्या मधे एक चिंचोळं दुकान आहे. तिथे गेली तीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवले जातात, सैल केले जातात, आणि वकिली चालेनाशी झाली की आवळूनही दिले जातात. दुकानाच्या मालकाला सगळे टेपकाका म्हणतात. कारण गळ्यातला टेप ते फक्त आंघोळीला काढतात, आणि तोही काकू ओरडतात म्हणून.

टेपकाकांना दोन गोष्टींचा अभिमान. पहिली म्हणजे त्यांचा टाका. तो दिसत नाही आणि उसवत नाही. त्यांच्या कोटाला दुकानाच्या नावाची पट्टी नसते. कोणी विचारलं तर म्हणतात, "टाकाच सही आहे आपली." दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा सिद्धांत. वकील तोंडावरून नाही, कोपरावरून ओळखावा. ज्याच्या कोटाची कोपरं झिजलेली, तो टेबलाला टेकून कागद वाचतो. ज्याची कोपरं कोरी, तो नुसता बोलतो. हा सिद्धांत त्यांनी इतक्या जणांना ऐकवला होता की झेरॉक्सवाल्यालाही तो पाठ होता. स्वतःवर वापरायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

ती आणली मेहुण्याने. म्हणजे काकूंचं म्हणणं मेहुण्याने आणली नाही, आणि शेवटी काकूच खऱ्या ठरल्या.

मेहुणा पंख्यांच्या कारखान्याच्या गोदामात चाव्या सांभाळायचा. साधा माणूस, थोडा वेंधळा. त्याच्या निळ्या गणवेशाच्या जाकिटाची बाही एकदा गोदामाच्या दाराच्या कडीत अडकून फाटली. तो दुकानात आला आणि म्हणाला, "दाजी, येता जाता दोन टाके मारा." टेपकाकांनी तेव्हा कोर्टाचे नवे पडदे नुकतेच शिवून संपवले होते. मशीनवर चॉकलेटी दोरा होता. निळा लावायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण बायकोच्या भावासाठी अर्धं मिनिट कोण घालवतो? त्यांनी त्याच दोऱ्याने बाहीला ठिगळ लावलं. शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा चॉकलेटी रीळ संपलं, तर तिथे काळा दोरा ओढला. मेहुणा म्हणाला, "झकास," आणि गेला.

पुढे तीनएक आठवड्यांनी, एका दुपारी, साध्या कपड्यांतला एक हवालदार दुकानात आला. आत दोन वकीलसाहेब बटणं लावून घ्यायला बसले होते. हवालदाराने मोबाइलवर एक फोटो दाखवला. निळं कापड, त्यावर चॉकलेटी दोऱ्याचं ठिगळ, शेवटी दोन बोटं काळं.

"काका, हा टाका तुमचा का?"

शिंपी आपला टाका ओळखत नाही असं होत नाही. टेपकाकांनी बघताक्षणी ओळखला. पण दोन्ही वकील माना वाकवून फोटो बघत होते, आणि त्यातला एक हसला.

"हा टाका शिंप्याचा नाही," टेपकाका म्हणाले. "पोती शिवणाऱ्याचा आहे."

"म्हणजे तुमच्याकडचा नाही?"

"असलं काम माझ्या दुकानातून बाहेर पडत नाही."

वकील आणखी हसले, हवालदाराने ते वाक्य लिहून घेतलं, आणि टेपकाका पुन्हा काजाला लागले. कशासाठी विचारलं हे त्यांनी विचारलंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला अटक झाली. गोदामाचा पत्रा कापून कोणीतरी तांब्याची तार नेली होती आणि पत्र्याच्या कडेला निळ्या कापडाची चिंधी अडकलेली सापडली होती. निळी जाकिटं तिथे सगळ्यांचीच, पण फाटून शिवलेली बाही एकट्या मेहुण्याची. चोरीनंतर घाईघाईने घरीच शिवली, असं पोलिसांचं म्हणणं. काकू कोठडीत भेटायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी सांगितलं त्यांना, दाजींनी शिवलंय, चोरीच्या आधी. ते म्हणतात चौकशी केली, खोटं निघालं."

काकू घरी येऊन नवऱ्यासमोर बसल्या.

"तुम्हाला विचारायला कोणी आलं होतं का?"

"अगं, दुकानात दिवसभर किती माणसं येतात."

याला उत्तर म्हणत नाहीत हे काकूंना कळलं. पण त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त भाऊ होता. टेपकाकांची मात्र पाचावर धारण बसली. आता खरं सांगावं, तर पोलिसांशी खोटं बोलल्याचं निघणार, बायकोला कळणार, आणि सगळ्या काळ्या कोटांना कळणार की हे ठिगळ टेपकाकांचं. त्यांनी मनाशी ठरवलं, असा वकील गाठायचा की जो ठिगळाचा विषय न काढता मेहुण्याला सोडवेल. वकील चांगला हवा, पण फार चौकस नको. असा वकील मिळणं सोपं असतं, आणि तीच तर पंचाईत आहे.

पहिले गाठले सगळ्यांत मोठे वकील. त्यांच्या कोटाचं अस्तर रेशमी, आणि छातीचं माप दर वर्षी अर्धा इंच वाढायचं. त्यांनी कागद उघडला नाही. म्हणाले, "सुटलाच समजा," आणि कोट पुढे केला. "आता आलाच आहात तर कमरेत जरा सैल करायचंय." टेपकाका खूश झाले. एक प्रश्न नाही, हवं ते उत्तर. त्यांनी टेप काढून कंबर मोजायलाही घेतली.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "त्यांनी माझ्या भावाचं नाव तरी विचारलं का?"

"मोठ्या माणसांना कळतं सगळं."

"न विचारता?"

टेपकाकांनी मग सिद्धांत बाहेर काढला. त्यांच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत झिजलेल्या कोपरांचे एक वकील होते. वर्षातून दोनदा त्यांच्या बाह्यांना आतून अस्तर लावावं लागे. "हा माणूस कागद पितो कागद," टेपकाका काकूंना जिना चढताना सांगत होते. वर पोहोचले तर दार उघडं होतं आणि वकीलसाहेब टेबलावर दोन्ही कोपरं रोवून, हनुवटी हातांत धरून, गाढ झोपले होते. टेबलाचं पॉलिश बरोब्बर दोन ठिकाणी उडालेलं. कारकून कुजबुजला, "चारपर्यंत उठत नाहीत. वीस वर्षं असंच आहे."

जिना उतरताना काकू नवऱ्याच्या पुढे चार पायऱ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. रडत असतील म्हणून टेपकाका घाईने गाठायला गेले, तर त्या हसत होत्या. मग खरंच रडल्या.

त्यानंतर काकूंनी शोध आपल्या हाती घेतला. त्यांना कोपरांतलं काही कळत नव्हतं. त्या दोन दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसल्या. कोणता वकील आत जाण्याआधी फाइल उघडतो, आरोपीच्या आईशी कोण थांबून बोलतो, कोण हाक मारली तरी पुढे जातो, हे बघत राहिल्या. बाकावरच्या बायकांना विचारलं, "तुमचे वकील तुम्हाला तारखेला काय झालं ते सांगतात का?" बऱ्याच जणींनी नाही म्हणून मान हलवली. तीन बायकांनी मात्र एकाच वकीलबाईकडे बोट दाखवलं.

टेपकाका ऐकूनच दचकले. "ती? तिच्या कोटाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं आहे. वर शाई फासली आहे शाई. मी स्वतः पाहिलंय."

"मला भाऊ सोडवायचाय," काकू म्हणाल्या. "कोट नाही शिवून घ्यायचा."

वकीलबाईंची खोली छापखान्याच्या वर होती. खाली यंत्र चाललं की टेबलावरचा पेन हळूहळू कडेला सरकायचा आणि त्या न बघता तो मागे घ्यायच्या. एका खुर्चीवरच्या फायली उचलून त्यांनी काकूंना बसवलं. टेपकाका उभेच राहिले. काकूंनी आदल्या दिवशी व्हरांड्यातच सगळं सांगितलं होतं, त्यामुळे बाईंनी सकाळीच मेहुण्याला कोठडीत भेटून कागद वाचले होते.

"सुटेल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "काय करता येईल तेवढं सांगते. सगळं त्या जाकिटावर आहे. तुमचे भाऊ म्हणतात, दाजींनी शिवलं. पोलिसांच्या कागदात लिहिलंय, शिंप्याने नाकारलं. दोघांतला एक खोटं बोलतोय."

खाली यंत्र चालू होतं. टेपकाका त्यांच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात तीस वर्षं दुसऱ्यांना हसलेला माणूस आज स्वतः भांडं पाठीमागे धरून उभा होता.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. "ताई, जरा बाहेर बसता का? पाच मिनिटं."

दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "काका, माझ्यापासून लपवलेलं मला शेवटी सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळतं. मला ते आवडत नाही."

टेपकाकांनी सांगितलं. दाराची कडी, अर्धं मिनिट, हवालदार, पोती शिवणारा, सगळं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लिहीत राहिल्या. मग विचारलं, "चोरीच्या आधी शिवलं हे तुमच्या शब्दाशिवाय कशावरून म्हणायचं? एकदा नाही म्हणालात. आता हो म्हणाल, तर मेहुण्यासाठी म्हणताय असंच वाटणार."

"दोऱ्यावरून," टेपकाका म्हणाले. कामाचं विचारल्यावर त्यांचा आवाज परत आला होता. "तो दोरा मी एकाच कामाला आणला होता. ठिगळ मारता मारता रीळ संपलं, म्हणून तर शेवटी काळा आहे. आणि त्या कामाची तारीख चोरीच्या दहा दिवस आधीची आहे, पोच आहे माझ्याकडे."

"कोणतं काम?"

"कोर्टाचे पडदे."

बाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवला. तो घरंगळत कडेला गेला आणि पडला.

"हे कोर्टात सांगाल?"

"तिथे सगळी माझीच गिऱ्हाइकं असतात हो."

"असू देत. ताईंना मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम."

ते काम टेपकाकांच्याने झालं नाही. रोज जेवताना विषय तोंडाशी यायचा आणि घासाबरोबर परत जायचा. सुनावणीचा दिवस उजाडला.

कोर्टाच्या खोलीत पुढे काळ्या कोटांच्या चार रांगा. प्रत्येक पाठ टेपकाकांच्या ओळखीची. रेशमी अस्तरवाले होते, कोपरवालेही जागे होते, आणि त्या दुपारचे दोघेही होते. मागच्या बाकावर काकू. मेहुणा पिंजऱ्यात उभा राहून दाजींकडे बघत होता आणि, हा त्याचा वेंधळेपणा म्हणा, हसत होता. टेबलावर जाकीट ठेवलेलं. न्यायाधीशांनी विचारलं, हे काम कोणाचं.

"माझं," टेपकाका म्हणाले.

मागे खुर्च्या करकरल्या. मग त्यांनी दोऱ्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी मान वळवून आपल्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. शिपायाने पडद्याची दुमड उलटी करून जाकिटाशेजारी धरली. तोच चॉकलेटी दोरा. पडद्यावरची टीप मात्र सरळ रेषेत, आणि ठिगळावरची गाढवाने ओढल्यासारखी. बाईंनी तारखेची पोच पुढे केली.

"मग पोलिसांना नाही का म्हणालात?"

टेपकाकांनी टेप चाचपायला गळ्याशी हात नेला. कोर्टात येताना काकूंनी काढून ठेवायला लावला होता, तो नव्हता.

"तेव्हा दुकानात दोन वकीलसाहेब बसले होते, साहेब."

खोलीत हशा झाला. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. त्या दोघांतल्या एकाने खाली बघून स्वतःचं बटण तपासलं. सरकारी वकिलांनी थोडं ताणून पाहिलं, पण चिंधी आता कोणाच्याही जाकिटाची असू शकत होती. मेहुण्याला जामीन मिळाला.

जाकीट मिळालं नाही. खटला संपेपर्यंत ते कोर्टात राहणार होतं. कारकुनाने त्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि टेपकाकांना विचारून विचारून त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "शिलाई:" आणि पुढे त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीस वर्षांत त्यांच्या हातच्या कापडावर त्यांचं नाव पहिल्यांदाच लागलं.

बाहेर पायऱ्यांवर टेपकाका वकीलबाईंना म्हणाले, "कोट द्या, बटण नीट लावून देतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "वाईट आहे, पण मी लावलंय."

त्या पुढच्या सुनावणीला निघून गेल्या. मेहुणा येऊन पाया पडायला वाकला तेव्हा टेपकाकांनी त्याला धरून उभं केलं. भावाला पुढे चालू देऊन काकू मागे थांबल्या. इतके दिवस त्यांनी नवऱ्याला एका शब्दाने टोचलं नव्हतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं जाकीट असतं, तर दोरा बदलला असतात?"

टेपकाकांना खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. आजूबाजूला एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली, पदर नीट केला आणि भावाबरोबर चालू लागल्या. टेपकाका त्यांच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, घरापर्यंत गेले.