बिस्किटाच्या डब्यातले चाकू

कोल्हारला मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. दुसरी लढाई संपून वर्ष होत आलं होतं... नात टाईप करतेय, मी सांगतोय. मी मध्येच गप्प झालो की तीही थांबते.

मला चाकूंचा नाद. बोरू तासायला म्हणून पहिला घेतला आणि मग थांबलोच नाही... शिंगाच्या मुठीचा, पितळी, दोन पात्यांचा, आणि नगरच्या कँपात एका गोऱ्या सोल्जरकडून घेतलेला शिंपल्याच्या मुठीचा. सगळे मिटून खिशात टाकता येतील असे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असे अकरा होते आणि रविवारी ते पुसत बसणं हीच माझी चैन.

आता दुसरी गोष्ट. आमची पहिली तीन मुलं जगली नाहीत. एक नऊ दिवसांचं गेलं, एक दीड महिन्याचं, एक बारशाच्या आदल्या दिवशी...

हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, आई नव्हती. त्यामुळे बाळंतपणं कोल्हारलाच झाली. पहिल्या वेळी सुईणीनं बाळाच्या उशाशी विळा ठेवला. लोखंड जवळ असलं की बाळाला बाधा होत नाही, असं आमच्याकडे मानतात.

मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला, नवा नवा शहाणा... चार बायकांदेखत विळा उचलून अंगणात फेकला आणि वर भाषणही दिलं. शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो आणि माझ्याच घरात हे? हौसा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुढे डब्यातले चाकू जायला लागले. आधी शिंगाचा, मग पितळी, मग दोन पात्यांचा. हौसाला विचारलं की "मला काय ठावं" म्हणायची. माझा संशय मेव्हण्यावर गेला. तो बेलापूरहून अधूनमधून यायचा, आणि दुसऱ्याची वस्तू आपली समजायची त्याला सवय होतीच.

तिसरा चाकू गेल्यावर मी डबा भिंतीतल्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मेव्हण्याशी बोलणं टाकलं. भावाचं नाव काढलं तरी हौसा खाली बघायची, आणि मला वाटायचं, चोर बरोबर पकडला.

मग चौथी... मुलगी. तीन महिने झाले तरी आम्ही दोघं घरात मोठ्यानं हसत नव्हतो. जणू कुणी ऐकेल.

भाद्रपदात तिला ताप भरला. डॉक्टरांनी मिक्श्चर दिलं, छातीला कान लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ऊब ठेवा. हौसा पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, म्हणून गरम काहीतरी शोधायला मीच तिची ट्रंक उघडली. दुपारची वेळ होती.

तळाशी बाळांच्या तीन कुंच्या होत्या. नीट घडी घालून दोऱ्यानं बांधलेल्या... एक उचलली तर जड लागली.

सोडली. आत शिंगाच्या मुठीचा चाकू. दुसरीत पितळी, तिसरीत दोन पात्यांचा. इतक्या वर्षांत एकावरही गंज नव्हता. खोबरेल तेलाचा वास येत होता. माझ्या रविवारच्या चाकूंपेक्षा ते स्वच्छ होते.

मी कुंच्या घेऊन तसाच तिच्यापुढे जाऊन बसलो. तीच म्हणाली, "विळा तुमी भाईर टाकला. चाकू मिटला की दुपट्याखाली दिसत न्हाई."

परत डब्यात का नाही ठेवलेस, असं मी विचारलं. आता वाटतं, विचारायला नको होतं.

"ज्याच्या उशाखाली हुता, त्याचाच झाला न्हवं त्यो."

मग मी विचारलं, हिच्या उशाखाली कुठला आहे? हौसानं पोरीच्या कपाळावरचा हात काढला नाही. म्हणाली, "कपाटाला कुलूप हाय."

त्या वाक्यात राग नव्हता हो. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

करदोट्याची गाठ सुटेना, म्हणून हिसका मारून करदोटाच तोडला. डबा काढला. खरं सांगतो, हात आधी साध्या, लाकडी मुठीच्या चाकूकडे गेला... स्वतःची लाज वाटली. शिंपल्याचा घेतला, मिटलेला आहे ना हे दोनदा पाहिलं आणि पोरीच्या उशाखाली सरकवला. विश्वास तेव्हाही नव्हता. तरी हात जोडले गेले.

पोर दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी, शाळा सुटायच्या सुमाराला गेली.

प्रवरेच्या काठावरून परत आलो तर हौसानं उशाखालचा चाकू पुसून चौथ्या कुंचीत ठेवला होता. दोरा तिनं गुंडाळला, गाठ मी मारली. ती म्हणाली, "ह्या बारीला तुमी हुता."

चार बाळं गेली तेव्हा मी घरातच होतो. तरी पहिल्या तीन वेळा ती एकटी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

कपाटाचं कुलूप मी शाळेला देऊन टाकलं. बेलापूरला जाऊन मेव्हण्याचे पाय धरले, त्याला तर आपल्यावर आळ होता हेही धड माहीत नव्हतं. पुढे दोन मुलं झाली, जगली. दोघांच्या उशाखाली चाकू मीच ठेवला. लोखंडानं जगली असं मी आजही म्हणणार नाही.

डब्यातले बाकीचे चाकू केव्हाच कुणाकुणाला देऊन टाकले. हे चार आहेत, त्यांच्या कुंच्यांत. महिन्यातून एकदा काढावे लागतात, नाहीतर गंज धरतो.

हौसा गेल्यापासून चौघांना तेल मी लावतो.