मागच्या दोन टोप्या

आमच्या ट्रकला सहा प्लग होते आणि प्रत्येक प्लगावर पत्र्याची एक टोपी होती, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पाठ झालं. इतर बायकांना आधी सासरची माणसं पाठ होतात, मला इंजिन पाठ झालं. ट्रक आमचा नव्हता, चादरींच्या एका व्यापाऱ्याचा होता. माझा नवरा फक्त चालवायचा. पण बोलताना हे ‘माझी गाडी’ असंच म्हणायचे आणि मालकानंही कधी हरकत घेतली नाही. गाडी लष्कराच्या लिलावातली, जुनी, पेट्रोलवर चालणारी. तिच्या धुराचा तापलेला पाइप प्लगांना अगदी खेटून जायचा. त्या धगीनं प्लगाच्या वायरी जळू नयेत म्हणून त्या टोप्या.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. पेट्रोल महाग झालं होतं आणि सोलापुरात जिकडंतिकडं डिझेलच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. आमची गाडी मात्र सकाळी चादरींचे गठ्ठे घेऊन मोडनिंब, अक्कलकोट, तुळजापूर अशा फेऱ्या करायची आणि दिवेलागणीला परत यायची. म्हणजे तिच्याबरोबर हेही परत यायचे. मी दिवसभर घरी विड्या वळायची आणि संध्याकाळी भाकरी थापायची. याहून जास्त काही मला नको होतं. लोकांना हे खोटं वाटतं, पण खरंच नको होतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि गाडी मिसिंग मारायला लागली. चढ आला की दम लागलेल्या म्हातारीसारखी खोकायची. शनिवारी मालकानं सांगितलं, “सोमवारी नीट चालली तर ठेवू. नाहीतर भंगारात देतो. तुला माझ्या भावाच्या डिझेल गाडीवर लावतो, मुंबई-हैदराबाद लाइनला.”

मालकानं ते चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण मुंबई-हैदराबाद म्हणजे पंधरा दिवसांनी एकदा घर. आमच्या पलीकडच्या गल्लीत तसल्या लाइनवरचा एक ड्रायव्हर राहायचा. तो घरी आला की त्याचं धाकटं पोर आईच्या पदरामागं लपून “मामा आला” म्हणायचं. सगळी गल्ली हसायची. मीही हसायची. त्या शनिवारी मला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

प्लग बदलले की गाडी सुधारणार, हे यांना ठाऊक होतं. नवे सहा प्लग आणूनही ठेवले होते. पण टोपी निघाल्याशिवाय प्लगाला पाना बसत नाही. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री घरी आला. त्यानं पुढच्या चार टोप्या काढल्या आणि चार प्लग बदलले. मागच्या दोन टोप्या मात्र जागच्या हलेनात. “ये नै निकलते भाभी,” तो मला म्हणाला, “छेनी मारना पडता.” छिन्नी घसरली तर प्लग आतच तुटणार. मग इंजिनाचं अख्खं हेड उतरवायचं, म्हणजे चार दिवस. वर उद्या रविवार, त्याचं गॅरेज बंद. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं आणि त्याला चहा दिला.

रविवारी सकाळी हे स्वतःच पक्कड घेऊन बसले. गाडी दारासमोरच उभी होती. बॉनेट वर करून, दात खाऊन ओढत होते आणि शिव्या घालत होते. एका टोपीची कड पार वाकली. मी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होते. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

“अवो, असं ओढलं तर फाटंल की ते!”

“पत्रा हाय त्यो. तुझं पान न्हाय.”

“पानावानीच हाय. वाळल्यालं पान कातरलं तर फाटतं. आदी भिजू द्यावं लागतं.”

त्यांनी पक्कड खाली ठेवली.

विडीचं पान आम्ही रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो. ज्या बाईला सकाळी घाई असते, तिच्या निम्म्या विड्या वाया जातात. हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं, तेही पाठीत धपाटे घालून. मी उठले, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, स्टोव्हमधलं रॉकेल वाटीत काढलं. रॉकेल रेशनचं, महिना अजून अर्धा जायचा होता. हे म्हणाले, “आणि सैपाक कशावर करनार?” मी म्हटलं, “चुलीवर. धूर माझ्या डोळ्यांत जाईल, तुमच्या न्हाय.” तेव्हा माझी जीभ अशीच होती. अजूनही फारशी वेगळी नाही.

इंजिन गार होतं. मागची जागा इतकी अरुंद, की यांचा पंजा मनगटापर्यंतच जायचा. मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात आत घातला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण विड्या वळणाऱ्या बाईला बोटांनीच दिसतं. दोन्ही टोप्यांच्या बुडाशी रॉकेलच्या पट्ट्या गुंडाळून घट्ट दाबल्या. मग सांगितलं, “आता दुपारपतोर कुनी हात लावायचा न्हाय.”

सगळ्यात अवघड काम तेच होतं. हे दर थोड्या वेळानं गाडीजवळ जायचे आणि मी ओरडायची. शेजारची तेलुगू बाई तिच्या हातमागाजवळच्या खिडकीतून हे बघत होती आणि मोडक्या मराठीत विचारत होती, “नवऱ्याला ताप आला का गाडीला?” मी म्हटलं, “दोघांनाबी.” मी वरवरच हसत होते. संध्याकाळपर्यंत टोप्या निघाल्या नाहीत, तर इथून पुढं आमच्या घरात रोज एकाच माणसाचं ताट वाढलं जाणार होतं.

ऊन कलल्यावर पट्ट्या काढल्या. ओढायचं नाही, हे ठरवूनच हात घातला. घट्ट बांगडी साबण लावून काढतात तशी टोपी जरा डावीकडं, जरा उजवीकडं फिरवत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बारीक कुर्र आवाज आला आणि पहिली टोपी हातात आली. दुसरीनं आणखी तासभर घेतला. माझी दोन बोटं सोलपटली. पण आली.

टोपी उताणी करून बघितली आणि माझं तोंडच उतरलं. आत गंजाचा थर, आणि त्या गंजात हळदकुंकवाचा वाळलेला लगदा, वर नारळाच्या शेंडीचे तंतू. दर दसऱ्याला गाडीची पूजा मीच करायची. बॉनेट उघडून इंजिनावर हळदकुंकू वाहायची, बाहेरच्या दगडावर नारळ फोडायची आणि त्यातलं पाणी चांगलं निथळेपर्यंत इंजिनावर ओतायची. माझा हात मागं पोचायचा म्हणून मागच्या कोपऱ्यात जरा जास्तच. सात दसरे. मिस्त्रीला दोष देत होते, गंज तर माझ्याच हातचा होता.

मी टोपी पदराखाली लपवायला गेले, पण यांनी बघितली. त्यांनी पाना लावला, काजळी धरलेले दोन प्लग काढले आणि नवे बसवले. टोप्या घासून पुन्हा चढवल्या, सांडलेलं रॉकेल कोरड्या फडक्यानं पुसलं आणि गाडी चालू केली. सहाही प्लग बोलले. मी उंबऱ्यात बसून घेतलं.

सोमवारी गाडी तुळजापूरला गेली. भरल्या मालानिशी घाट चढली. मालक म्हणाला, राहू दे. हे दिवेलागणीला घरी आले, हातपाय धुऊन चुलीपुढं बसले आणि मला ते सांगितलं. मला आनंद झाला, पण तो गंज मनातून जात नव्हता. शेवटी म्हटलंच, “माझ्यामुळं झालं ते. नारळाच्या पान्यानं.”

“ठाऊक हाय की.”

“कवापासनं?”

“दुसऱ्या दसऱ्यापासनं. लोखंडावर पानी वतल्यावर काय हुतंय, एवडं कळतंय मला.”

“मग नको वतू म्हनून सांगायचं न्हाय?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “वतताना तू देवाला पुटपुटायचीस. दर सांजंला घरी येऊ दे म्हनायचीस. मी चाकापाशीच हुभा असायचो.” तुकडा कालवणात बुडवत म्हणाले, “ते ऐकल्यावर नको वतू म्हनून कसं सांगायचं?”

 तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि एका बाजूनं करपली. ती त्यांनीच मागून घेतली.