गुलाब ठेवला, हातही ठेवला

“बेन, घरी गुलाब आहेत?”

वापीच्या गुजराती त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझा उजवा हात उलटसुलट पाहिला आणि पहिला प्रश्न हा विचारला. मी म्हटलं, “आहेत. बोर्डीत आमच्याइतके कुणाकडे नाहीत.”

“मग रिपोर्ट बरोबर आहे. स्पोरोट्रायकोसिस.”

म्हणजे बुरशीचा आजार. ही बुरशी मातीत आणि कुजक्या पाल्यात असते. काटा टोचला की त्या वाटेने आत शिरते.

पावसाळ्यात तर्जनीवर लाल गाठ आली होती. काटा मोडला असेल म्हणून मी हळद-चुना लावला. गाठ फुटली, पण भरेना. मग मनगटापासून कोपरापर्यंत मण्यांसारख्या गाठी उठल्या. बोटं मिटेनात, पोळी लाटता येईना. गावातल्या डॉक्टरांच्या अँटिबायोटिकने काही झालं नाही, कारण ते औषध बुरशीवर चालत नाही. शेवटी वापीत बायोप्सी केली. म्हणजे गाठीचा डाळीएवढा तुकडा काढून तपासायला दिला.

चूक आमच्या सवयीची. वाडीतला चिकूचा कुजका पाला मी दरवर्षी उघड्या हातांनी गुलाबांच्या बुंध्याशी दाबते. चिकूला काटे नसतात, म्हणून आमच्याकडे हातमोजे कुणी घालत नाही.

इट्राकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरच्या गोळ्या, काही महिने घ्यायच्या होत्या. त्या यकृताला जड जातात, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. आणि बरं वाटेपर्यंत मातीत हात घालायचा नाही.

घरी येताच आमच्या ह्यांनी कुदळ काढली. “उपटतो सगळे. तिथे चिकूची कलमं लावू.”

“या मोसमात फूल आलं नाही, तर खुशाल उपटा,” मी म्हटलं.

पण फूल यायचं तर दसऱ्यानंतर छाटणी हवी, आणि माझ्या हातात कात्री धरवत नव्हती. मी खुर्ची टाकून बसले. नवे हातमोजे घालून हे उभे राहिले. चिकूला सहसा कात्री लावत नाहीत, त्यामुळे हिरवी फांदी कापायला ह्यांचा हात धजेना.

“अहो, शेंडे काय कुरवाळताय? गुडघ्यापर्यंत आणा.”

“मेलं तर?”

“तर तुमची कलमं लागतील!”

कापलं एकदाचं. नुसत्या काड्या उरल्या. त्यानंतर कुदळीचा विषय निघाला नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन हे त्या काड्यांपाशी उभे. माझ्या गाठी बसत होत्या, तशी तिकडे तांबूस पालवी फुटत होती.

थंडी पडल्यावर एका सकाळी हाक आली, “अगं, बाहेर ये!”

लाल, वाटीएवढा, ताठ देठाचा गुलाब. इतका मोठा माझ्या छाटणीलाही कधी आला नव्हता. हे मी ह्यांना सांगितलं नाही. हातमोजा चढवला आणि उजव्या हाताने कात्री दाबली. बोटं पुरती मिटली. देठ एका फटक्यात तुटला.

मोसमाचं पहिलं फूल आमच्याकडे देव्हाऱ्यात जातं. हे म्हणाले, “देवाला दुसरं घालू. आज वापीला जायचंय ना?”

वाचणाऱ्यांनाही सांगते, तुमची जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर बागकाम करता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि हातमोजे घाला.

वापीत दवाखान्यात बाईंनी फूल घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, “थांबा. काटे आहेत. आधी हातमोजे.”

बाई हसल्या आणि खरंच ड्रॉवरमधून मोजे काढून चढवले. मागून ह्यांचा आवाज आला, “छाटणी मी केलीय.”